उसनी आणलेली लायब्ररी

आमच्या नात्यागोत्यात संगणकातलं सगळं कळणारा माणूस म्हणून माझी ख्याती आहे. ती कशी झाली हे मलाही नीट ठाऊक नाही. एका लग्नात प्रोजेक्टर लागत नव्हता, मी जाऊन त्याचं बटण दाबलं आणि तो लागला, एवढंच आठवतं. तेव्हापासून कुणाचा मोबाईल अडकला, टीव्ही दिसेना, मिक्सर फिरेना, की फोन मला. खरं तर मी शाळेच्या ऑफिसातला कारकून. पगारपत्रकं आणि दाखले हे माझं काम. शाळेच्या लॅबमधल्या वीस संगणकांकडे लक्ष ठेवणं हेही माझंच, कारण मुख्याध्यापकांनी मान वर करून पाहिलं त्या क्षणी मी नेमका समोर उभा होतो.

तर अशा माणसाने गेल्या हिवाळ्यात आपल्या सख्ख्या बहिणीला शब्द दिला, की तुझ्या साड्यांची वेबसाईट मी तुझ्याच घरात, तुझ्याच संगणकावर उभी करून देतो. शब्द देताना मी जेवायला बसलो होतो आणि झुणका चांगला झाला होता. माझे बहुतेक शब्द असेच गेलेले आहेत.

आक्काचं घर वडगावात. खाली चार माग, वर माणसं. आम्ही मूळचे शहापूरचे, विणकरच. मी नोकरीला लागून सुटलो, आक्का लग्न होऊन पुन्हा मागावरच गेली, आणि सुटावंसं तिला कधी वाटलं नाही. दाजी, म्हणजे तिचे यजमान, मागदुरुस्तीतले जाणते. असल्या माणसाला आमच्याकडे जॉबर म्हणतात. गल्लीत कुणाचा माग अडला, की लोक आधी दाजींना हाक मारतात.

आक्काने स्वतःच्या डोक्याने एक काठ बसवला होता, जोंधळ्याच्या कणसांचा. एकेक दाणा मोजून घ्यावा असा. त्या साडीचा फोटो तिने हौसेने मोबाईलवरच्या एका ग्रुपात टाकला. आठ दिवसांनी तोच फोटो फिरत फिरत तिच्याच मोबाईलवर आला, खाली दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचं नाव घेऊन. "आमचा नवीन माल." आक्काने दोन दिवस येईल त्याला तो फोटो काढून दाखवला. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "माझी साडी माझ्या नावानं दिसंल असं एक ठिकाण पायजे मला. दुसऱ्याच्या ओसरीवर न्हाय, माझ्या सोप्यात."

त्यातच निपाणीच्या एका साडीच्या दुकानाच्या मालकीणबाईंचा आक्काला फोन आला. सदलग्याचं एक लग्नघर त्यांच्याकडे बस्त्याला येणार होतं. दोन्हीकडच्या मिळून बावीस बायकांना एकाच काठाच्या साड्या घ्यायच्या होत्या. मालकीणबाई म्हणाल्या, "सोमवारी अकराला ती माणसं येतील. तुमची वेबसाईट होणार म्हणालात न्हवं? झाली असेल तर दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर लावून दाखवते. नसेल तर माझ्याकडं बाकीचा माल आहेच." बावीस साड्या म्हणजे चारी मागांना पंधरा दिवसांचं काम, आणि तेही पहिल्यांदाच व्यापाऱ्याच्या नव्हे, आक्काच्या नावावर.

शनिवारी अर्धी शाळा करून मी वडगावात पोचलो. शाळेने निकालात काढलेला एक संगणक मी आधीच तिथे नेऊन ठेवला होता. केबलवाल्याकडून इंटरनेटचा कायमचा पत्ता घेऊन झाला होता. आक्काने साठ साड्यांचे फोटो काढून, प्रत्येकीखाली सूत कुठलं, रंग कुठला, पदर केवढा हे बोटाबोटाने टाईप करून ठेवलं होतं. उरलं होतं ते फक्त वेब सर्व्हर चालू करणं. वेब सर्व्हर म्हणजे दारात बसलेला माणूस समजा. बाहेरून कुणी पान मागितलं की आतून काढून द्यायचं, एवढंच त्याचं काम. एका व्हिडिओत बघून मी तो एका साईटवरून तयार असलेला उतरवून घेतला होता. संगणकाच्या प्रणालीचं प्रोग्रामांचं स्वतःचं एक भांडार असतं, त्यातही तो मिळत होता, पण व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं होतं की भांडारातला जुना असतो. मला काय, ताजं ते चांगलं. मी काय मेथी घेतोय का, हा विचार तेव्हा आला नाही.

आज्ञा दिली. सर्व्हर उठला नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ आली, की अमुक नावाची सामायिक लायब्ररी उघडता येत नाही, अशी फाईल इथे नाही.

ही लायब्ररी म्हणजे नेहमी लागणाऱ्या कामांची तयार शिदोरी. प्रत्येक प्रोग्राम सगळं स्वतः करत बसत नाही, पुष्कळशी कामं तो असल्या सामायिक फाईलींकडून करून घेतो. ती फाईल जागेवर नसेल तर प्रोग्राम पहिलं पाऊलच टाकत नाही. हे मी आता शहाण्यासारखं सांगतोय. त्या दुपारी मी फक्त ओळीकडे बघत होतो आणि ओळ माझ्याकडे.

आक्का मागावरून उठून आली. "काय म्हणतंय?"

"एक फाईल न्हाय म्हणतंय."

"मग आण की मागून. कुणाकडं असंल त्याच्याकडनं."

हे ती इतक्या सहज म्हणाली, की मलाही ते तितकंच सहज वाटलं. कारण आमच्या गल्लीची ती रीतच आहे. आडवा धागा नेणारा धोटा फुटला, शेजारच्या मागावरचा आणला. चामड्याची पट्टी तुटली, समोरच्या घरून आणली. दुकान उघडायची वाट बघत माग बंद ठेवायचा नसतो. माझं लहानपण असल्या वस्तू या घरातून त्या घरात पोचवण्यातच गेलं. तेव्हा शाळेच्या लॅबमध्ये हाच वेब सर्व्हर वेळापत्रकासाठी चालतोय, म्हणजे ही फाईल तिथे असणारच, एवढं लक्षात आल्यावर मी दुसरा विचारच केला नाही. स्कूटरला किक मारली.

शाळा रेल्वे फाटकापलीकडे. फाटक अर्थातच पडलेलं. पलीकडे पोचून वॉचमनकडून लॅब उघडून घेतली, फाईल शोधली, पेन ड्राइव्हवर घेतली, रुमालात गुंडाळून वरच्या खिशात ठेवली. रुमालात का गुंडाळली, मला विचारू नका. धोटा तसाच आणायचो.

वडगावात येऊन फाईल जागेवर टाकली. पुन्हा आज्ञा. या वेळी ओळ बदलली. ती फाईल सापडली होती, आता दुसरीच एक नव्हती.

"बघ, पुढं सरकलं," मी आक्काला म्हणालो. आणि मला खरंच आनंद झाला होता.

पुन्हा स्कूटर, पुन्हा फाटक. वॉचमन आमचा कन्नड बोलणारा, सज्जन माणूस. "मत्त बंद्रि, सर?" म्हणाला. परत आलो होतो हे खरंच होतं, मी नुसती मान हलवली. दुसरी फाईल नेली, तर तिसरी नव्हती. तिसऱ्या फेरीला त्याने काही विचारलं नाही, लॅबचं दार उघडंच ठेवलं होतं आणि आपण पायरीवर बसून माझ्याकडे काळजीने बघत होता. शाळेचं काहीतरी माझ्याकडून हरवलंय अशी त्याची समजूत झाली असावी.

तिसरी फाईल टाकल्यावर ओळ जरा लांबलचक आली. त्यात कसल्यातरी आवृत्तीचा आकडा होता आणि तो आकडा इथे मिळत नाही असं काहीतरी होतं. मी ती अर्धीच वाचली. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता आणि फाटकावर तिसऱ्यांदा एकाच मालगाडीचे डबे मोजल्याचा मला संशय होता. मी ठरवलं, एकेक कशाला? लॅबमधला लायब्रऱ्यांचा सगळा फोल्डरच उचलू. जे लागेल ते त्यात असेलच.

चौथ्या फेरीला मी तो सगळा फोल्डर आणला आणि इथल्या फोल्डरावर ओतला. संगणकाने विचारलं, आधीच्या फाईलींवर नवीन लिहू का? मी म्हणालो, लिही. त्याने भाबडेपणाने आणखी एकदा विचारलं. मी म्हणालो, सगळ्यांवर लिही.

त्यानंतर तो संगणक काहीच करेना. सर्व्हर राहू दे, फोल्डरात काय आहे ते दाखव म्हटलं तरी तीच तक्रार. तारीख सांग म्हटलं, तीच तक्रार. बंद करून चालू केला, तर दोन ओळी आल्या आणि पडदा काळाच राहिला. साठ साड्या, त्यांचे सूत, रंग, पदर, सगळं त्या काळ्या पडद्यामागे गेलं.

मी उगाचच संगणकाच्या मागची वायर काढून परत लावली. आक्काने ते बघितलं.

"गेलं का सगळं?" तिने विचारलं.

"न्हाय न्हाय. आत हाय."

"दिसंना की."

"दिसंना, पण हाय."

तिने पदराने हात पुसले, संगणकाकडे एकदा बघितलं. "सोमवारी अकराला ती बाई टीव्ही लावणार हाय," एवढंच म्हणाली आणि खाली मागावर गेली. रागावली असती तर बरं झालं असतं.

दाजी संध्याकाळी सदाशिवनगरकडचं काम उरकून आले. चहाची बशी घेऊन माझ्या शेजारी बसले. "काय पाव्हणं, चार खेपा झाल्या म्हणं. काय आणलासा?"

मी सांगितलं. एखाद्या आजाऱ्याची हकीकत ऐकावी तसं त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "धोटा मागून आणतोय आपण. पट्टी आणतोय. फणी कवा आणलीया का कुणी, न इच्यारता?"

फणी म्हणजे मागावरची कंगव्यासारखी चौकट. तिच्या एकेका घरातून ताण्याचा, म्हणजे उभा, धागा ओवून घेतलेला असतो.

"न्हाय," मी म्हणालो.

"का न्हाय?"

"नंबर जुळाय पायजे."

"तुमच्या शाळंतला संगणक कंच्या नंबराचा?"

मला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं, लॅबमधले संगणक गेल्याच वर्षी नवे आले होते, त्यांच्यावरची सगळी प्रणाली नवी होती, आणि आक्काकडचा हा बाबा त्यांच्या आधीचा, निकालात काढलेला जुना. पण या दोन गोष्टी मी एकमेकींशेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. त्या तिसऱ्या लांबलचक ओळीत नेमकं तेच लिहिलं होतं. माझं तोंड उतरलेलं बघून दाजी म्हणाले, "आता त्या मागाचा ताणाच कापलासा की वो सगळा." आणि शांतपणे बशीतला चहा प्यायले.

रविवारी सकाळी मी शहाणा होऊन आलो. शहाणपण फार नव्हतं, पण क्रम तरी होता. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करायची एक सोय असते. त्या सोयीने मी तो उठवला आणि आधी आतला माल बाहेर काढला. आक्का मागे उभी राहून एकेक फोटो मोजत होती. अठ्ठावन्नला थांबली. मी फोल्डर पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितला. मग तीच म्हणाली, "दोन मीच काढून टाकल्याले, पदर नीट आला नव्हता." साठ हा आकडा मला तिनेच सांगितला होता, पण ते बोलायची माझी छाती नव्हती.

मग संगणक पुसून पुन्हा नवा केला. या खेपेला वेब सर्व्हर कुठूनही उतरवला नाही. प्रणालीच्या स्वतःच्या भांडारातूनच घेतला. त्याने आपल्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या आपणच, आपल्या नंबराच्या, सोबत आणल्या. पाच मिनिटांत सर्व्हर उभा. चार खेपांचं पेट्रोल आठवून मला कसंतरीच झालं.

पण फोटो दिसेनात. मोठे फोटो पानासाठी लहान करून देणारा एक छोटा प्रोग्राम भांडारात मिळाला नव्हता, तो मी वेगळा टाकला होता, आणि तोच आता अडला. पुन्हा तीच ओळ, लायब्ररी उघडता येत नाही. माझा हात आपोआप स्कूटरच्या किल्लीकडे गेला. आक्काने किल्ली उचलून कनवटीला लावली.

"बस," ती म्हणाली. "काय काय पायजे ते सगळं इच्यार आदी त्याला."

विचारायची आज्ञा असते, हे मी त्याच सकाळी वाचलं होतं. प्रोग्रामचं नाव दिलं, की त्याला कुठकुठल्या लायब्रऱ्या लागतात आणि त्या कुठे सापडल्या याची यादी येते. नसलेल्या लायब्ररीपुढे स्वच्छ लिहिलेलं असतं, सापडली नाही. दाजींनी चष्मा लावला आणि मागावर ताणा गुंडाळलेल्या बीमवर फिरवतात तसं पडद्यावर बोट फिरवत यादी वाचायला लागले. इंग्रजी त्यांना बेताचं, पण 'सापडली नाही' म्हणजे काय हे त्यांनी दोन ओळींत ओळखलं. "ही एक. आन ही एक. बाकीची घरात हाईत."

पहिली कुठल्या गाठोड्यात मिळते हे भांडारालाच विचारलं, त्याने नाव सांगितलं, घेतली. दुसरीने मात्र तासभर घाम काढला. ती तर प्रोग्रामबरोबरच आलेली होती. मी फोल्डर उघडून बघितला, फाईल डोळ्यांसमोर, आणि संगणक म्हणतोय सापडली नाही. मी ती दाजींना दाखवली, आक्काला दाखवली. आपण खोटं बोलत नाही एवढं तरी दोघांना पटावं म्हणून.

"नंबर?" दाजींनी विचारलं.

"जुळतोय."

"मग त्येला ठावं न्हाय ती कुठं ठेवल्या ते," आक्का म्हणाली. "तुझ्या दाजीला डब्यातली साखर सापडत न्हाय तसं. फडताळात एकाच फळीवर बघत्यात."

दाजींनी चष्मा काढून पुसायला घेतला. कारण ते खरं होतं, आणि संगणकाचंही तेच खरं निघालं. लायब्रऱ्या कुठकुठल्या फोल्डरांत शोधायच्या याची त्याच्याकडे एक ठरलेली यादी असते आणि त्यापलीकडे तो बघत नाही. मी त्या यादीत हा नवा फोल्डर लिहिला, यादी पुन्हा वाचून घे अशी आज्ञा दिली आणि मग त्या प्रोग्रामला काय काय लागतं ते परत विचारलं. सगळ्या ओळींपुढे पत्ते. एकही नन्ना नाही.

दाजी आपला मोबाईल घेऊन गल्लीत गेले, मोबाईलवरचं घरचं वाय-फाय बंद करून. मी माडीवरून ओरडून पत्ता सांगितला, त्यांनी टाईप केला. मग खालून त्यांचा आवाज आला, "आल्या गं! कणसं आल्याती!" समोरच्या घरातले दोघे कुणाची कणसं म्हणून बाहेर आले.

सोमवारी मी किरकोळ रजा टाकली. अकरा वाजता आम्ही तिघं मागाच्या खोलीत बसलो होतो. म्हणजे मी आणि दाजी बसलो होतो. आक्का माग चालवत होती, कारण रिकाम्या हाताने वाट बघणं तिला जमत नाही. संगणकावर, कुणी पान मागितलं की त्याची नोंद एका ओळीत उमटते. मी सोबत आणलेल्या लॅपटॉपवर ती ओळ बघत होतो. अकरा वाजून दहा मिनिटं झाली तरी काही नाही. सव्वाअकराला एक ओळ आली. मग भराभर पंधरा-वीस. कुणीतरी एकामागून एक साड्या उघडून बघत होतं. एक साडी चार वेळा उघडली गेली. "कंची?" आक्काने मागावरूनच विचारलं. मी सांगितलं, कणसांची, हिरवी. तिने मान हलवली, माग थांबवला नाही.

साडेअकराला फोन वाजला. माझा. वेबसाईटच्या खाली संपर्क म्हणून मी माझा नंबर घातला होता. तेव्हा ते मला सोयीचं वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर जरा भारदस्तही.

"निपाणीहून बोलतोय," पलीकडून एका पोक्त बाईचा आवाज. मालकीणबाई नव्हत्या, लग्नघरातली कुणी मोठी असावी. "ती हिरवी साडी, कणसांची. तुम्हीच मालक काय?"

एक क्षणभर, अगदी एकच क्षण, मला हो म्हणावंसं वाटलं. घरात सर्व्हर मी उभा केला होता, चार वेळा फाटक ओलांडलं होतं. शिवाय तो आवाज इतका आदराने विचारत होता. "न्हाय, थांबा हं," मी म्हणालो. "जिनं केल्या तिलाच देतो."

मी फोन आक्कापुढे धरला. तिने चारी माग थांबवले. चारही माग बंद झाले की त्या खोलीत कानठळ्या बसाव्यात अशी शांतता होते. आक्काने हातावरचं सूत झटकून फोन कानाला लावला. पलीकडच्या बाईने तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"व्हय," आक्का म्हणाली. "माझ्याच हायत. काठ बी माझाच."

मग काहीतरी विचारणं झालं. काठ एक बोट कमी रुंद हवा होता, नवरीच्या आजीला जड नको म्हणून. दाजींनी हाताने खूण केली, होणार नाही. आक्काने त्यांच्याकडे पाठ केली. "हुतंय. का व्हनार न्हाय? पर कणसाचा दाणा बारका करणार न्हाय मी, एक ओळ कमी करतो. बगा, चालंल तर." पुन्हा ऐकणं. "बावीस. व्हय. कापड हाताला लावून बगाय पायजे म्हणतीया आजी? आणतो की. मीच येतो. परवाच्या गाडीनं."

फोन मला परत देताना तिचे डोळे भरल्यासारखे दिसले, पण मागाच्या खोलीत सुताची धूळ असते, नक्की सांगता यायचं नाही.

"आजीला हात लावून बगायचंय म्हणं," ती दाजींना म्हणाली. "बरोबर हाय. मी बी तसंच केलं असतं."

मी म्हणालो, म्हणजे वेबसाईटवाचून तसं काही अडलंच नव्हतं.

"अडलं न्हवतं कसं? तिनं माझी म्हणून बगितली की." मग ती माझ्याकडे वळली. "आन तिथनं तुझा नंबर काढ. माझा घाल. कुणी फोन केला की मालक काय म्हणून तुला इच्यारत बसंल."

मी लॅपटॉप ओढला. एक ओळ होती ती. बदलून पान पुन्हा उघडलं, नंबर आक्काचा. संगणकाने कुठलीच कुरकुर केली नाही.